मांजर आजारी माणसाला का बिलगतं, आणि केमो चालू असताना त्याला जवळ ठेवावं का?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. आईंना स्तनाचा कर्करोग आहे आणि केमोचा तिसरा डोस नुकताच झालाय. घरातली सहा वर्षांची चिमी एरवी कपाटावर नाहीतर खिडकीत असायची. आता ती दिवसभर आईंच्या पोटाशी असते, खाण्यापुरती आणि लिटर ट्रेपुरती उठते. आई म्हणतात, ‘तिला सगळं कळतं.’ आत्या म्हणतात, जंतुसंसर्ग होईल, मांजर शेतावर पाठवून द्या. त्यात कुणीतरी तुम्हाला मोबाइलवर एका परदेशी मांजराची गोष्ट पाठवली, मरणाऱ्या माणसाच्याच उशाशी जाऊन बसणाऱ्या. तेव्हापासून चिमी आईंजवळ दिसली की तुमच्या पोटात गोळा येतो. तुमचा प्रश्न आहे, तिला ठेवू की पाठवू?

मी पुण्यात गेली तेवीस वर्षं प्राण्यांची डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त पेशंट मांजरं असतात. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. यात तीन गोष्टींचा गुंता झालाय. चिमी तिथे का बसते, ती बसण्यातून आईंच्या तब्येतीबद्दल काही कळतं का, आणि तिच्यामुळे आईंना धोका आहे का. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

तुमची झोप ज्यानं उडालीय तिथूनच सुरुवात करते. ते मांजर म्हणजे ऑस्कर. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात स्टीअर हाउस नावाचं शुश्रूषागृह आहे, तिथे तो पिल्लू असल्यापासून वाढला. डेव्हिड डोसा नावाच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं. तोवर पंचवीसहून जास्त रुग्णांच्या शेवटच्या तासांत ऑस्कर त्यांच्या अंथरुणात जाऊन बसला होता, असं तिथल्या कर्मचाऱ्यांचं निरीक्षण होतं. गोष्ट खरी आहे, पण पुढे पाठवताना लोक तिचा अर्धा भाग गाळतात. डोसा यांनी लिहिला तो छोटेखानी निबंध होता, मोजमाप करून केलेला अभ्यास नव्हता. शिवाय ऑस्कर राहायचा तो मजला स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचा. तिथे मृत्यू वरचेवर होतात. शेवटच्या घटकेला माणूस हलत नाही, त्याच्या अंगावर ऊबदार पांघरुणं घातलेली असतात, शरीराचा वास बदललेला असतो, खोलीत शांतता असते. मांजराला तिकडे जावंसं वाटायला एवढं पुरेसं आहे.

तुमच्या आईंची परिस्थिती अगदी वेगळी आहे. त्या उपचार घेताहेत, दमून पडून आहेत, आणि चिमीचं सगळं आयुष्य त्यांच्याच घरात गेलंय. माझ्याकडच्या कितीतरी घरांत मांजरं महिनोन्‌महिने आजाऱ्याला चिकटून राहिली आणि ती माणसं बरी होऊन कामाला लागली. त्यांच्याबद्दल कुणी मेसेज पाठवत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं. आपल्याकडे रात्री मांजर रडलं की घरातली मोठी माणसं धसकतात, तशातलाच हा प्रकार. रडणारं मांजर बहुतेक वेळा माजावर आलेली मांजरी असते. चिमीच्या बसण्यावरून आईंच्या तब्येतीचा कुठलाही अंदाज बांधू नका. तो त्यांच्या तपासण्यांवरून आणि त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आता ती का बसते ते. पहिलं कारण ऊब. माणसाला पंचवीस-सव्वीस अंशांत बरं वाटतं. मांजराच्या शरीराला आपलं तापमान टिकवण्यासाठी वेगळे कष्ट पडू नयेत, तर भोवतीची हवा साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस लागते. म्हणजे आपल्या घरात ते बहुतेक वेळ थोडं थंडावलेलंच असतं. म्हणून गॅसच्या शेगडीमागे, राउटरवर, गाडीच्या बॉनेटवर जाऊन बसतं. पांघरूण घेऊन पडलेला, मधूनमधून ताप येणारा माणूस म्हणजे त्याच्यासाठी घरातली सर्वांत उत्तम जागा. दुसरं कारण, आजारी माणूस हलत नाही. निरोगी माणसाच्या मांडीवर बसलं की दहाव्या मिनिटाला फोन वाजतो किंवा कुकरची शिट्टी होते. तिसरं कारण वास. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असतं, आणि टाळूत वासाचं आणखी एक वेगळं इंद्रिय असतं. केमोमुळे घाम, श्वास, त्वचा सगळ्याचा वास बदलतो. चिमीला हा बदल नक्की जाणवतोय. पण जाणवणं म्हणजे ‘हिला कर्करोग आहे’ हे समजणं नव्हे.

हे वाचून तुमच्या आई म्हणतील, म्हणजे तिला माझं काहीच नाही, नुसती ऊब हवीय! तसंही नाही. याबाबतीत मी एका घरात पाहिलं ते सांगते.

आठ-दहा वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या मांजरीला लस द्यायला मी घरी गेले होते. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यामुळे ते अंथरुणात होते. मांजरी त्यांच्या उजव्या कमरेला, नेमकी मोडलेल्या बाजूला, चिकटून झोपलेली. काकू डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, ‘डॉक्टर, ती त्यांचं दुखणं ओढून घेते.’ मी लस द्यायला दुलई उचलली तर खाली गरम पाण्याची पिशवी. मी काही न बोलता पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली. चहा होईपर्यंत मांजरी उठली, आळस दिला, त्यांच्या पोटावरून पलीकडे गेली आणि पिशवीशी जाऊन गोल झाली. काकूंचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं.

तीन आठवड्यांनी बूस्टरला पुन्हा गेले. पिशवी बंद झाली होती. एप्रिलचा महिना, वर पंखा फुल्ल. मांजरी तिथेच होती, आता डाव्या हाताशी. सरांचा तो हात सावकाश तिच्या मानेवरून शेपटीपर्यंत जायचा, परत यायचा. हात थांबला की ती डोकं वर करून तळव्याला ढुशी द्यायची आणि हात पुन्हा सुरू व्हायचा. फिजिओथेरपिस्ट जे हातपाय हलवायला सांगत त्याचा सरांना कंटाळा होता, पण हा एक व्यायाम दिवसातून कित्येक तास चालायचा. उन्हाळ्यात तिला तिथे ऊब नको होती. तिला तो माणूस हवा होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो दिवसभर तिच्या वाट्याला आला होता.

तेव्हापासून मी असं सांगते की, मांजर अंथरुणात ऊब शोधत येतं, पण टिकतं ते माणसासाठी. याला थोडा आधार अभ्यासातूनही आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराचं पिल्लू आणि त्याचा माणूस अनोळखी खोलीत, मग माणूस बाहेर जातो, मग परत येतो, अशी ती रचना. तान्ह्या मुलांसाठी वापरतात तशीच. सुमारे ६४ टक्के पिल्लं माणूस परत आल्यावर त्याच्याशी भेटून शांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरायला लागली. म्हणजे ओळखीचा माणूस हा त्यांच्या लेखी सुरक्षिततेचा आधार असतो. आईंनी चिमीला सहा वर्षं खाऊ घातलंय, तिच्याशी बोलल्यात. घरातली माणसं घाबरलेली, पाहुण्यांची ये-जा, वेळा विस्कटलेल्या. अशात चिमीसुद्धा आधार शोधत असणार आणि तो तिला आईंकडे मिळतोय. दिलासा दोघी एकमेकींना देताहेत, असं मी यातून समजते.

मांजराच्या घुरघुरीनं हाडं जुळतात, जखमा भरतात, असंही बरंच फिरत असतं. घुरघुरीची कंपनं साधारण सेकंदाला २५ ते १५० या पट्ट्यात असतात आणि त्यातल्या काही कंपनांचा हाडांवर चांगला परिणाम होतो असं कंपनं देणारी यंत्रं वापरून केलेल्या अभ्यासांत दिसलंय. त्यावरून कुणीतरी मांजरापर्यंत उडी मारली. मांजर मांडीवर घेऊन हाड लवकर जुळल्याचं कुणी दाखवलेलं नाही. आणि लक्षात ठेवा, मांजर दुखत असतानाही घुरघुरतं. माझ्या टेबलावर मागचा पाय मोडलेला बोका घुरघुरत असतो, तेव्हा तो मजेत नसतो. चिमीची घुरघुर ऐकत आईंना झोप लागत असेल, तर ती झोप हाच फायदा समजा. केमोच्या दिवसांत सलग तासभर झोप किती मोलाची असते ते तुम्ही रोज बघताय.

उलटंही होतं, तेही सांगून ठेवते. पुढच्या एखाद्या डोसानंतर चिमी अचानक आईंजवळ जाईनाशी होईल. हॉस्पिटलचा वास, सॅनिटायझर, केस गेल्यावर डोक्याला बांधलेला नवा स्कार्फ, यातलं काहीही तिला बिचकवू शकतं. काही मांजरं आजाऱ्यापासून सुरुवातीपासूनच लांब राहतात. आईंना तेव्हा टाकून दिल्यासारखं वाटेल. त्यांना आधीच सांगा की हा वासाचा प्रश्न आहे आणि दोन-चार दिवसांत निवळतो.

आता आत्यांचा मुद्दा. त्यांची काळजी खोटी नाही, उपाय मात्र चुकीचा आहे. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. आईंच्या पांढऱ्या पेशी किती खाली जातात, चिमी बाहेर जाते का, तिला कच्चं मांस-मासे मिळतात का, अंगावर पिसवा आहेत का. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेला रुग्ण असता किंवा पेशी फारच घसरलेल्या असत्या, तर मी स्वतः काही आठवडे दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवायला सांगितलं असतं. म्हणून पहिलं काम हे करा की आईंच्या कर्करोगतज्ज्ञांना ‘घरात मांजर आहे आणि ते अंथरुणात झोपतं’ असं स्पष्ट सांगा. बरीच घरं हे लपवतात, ओरडा बसेल म्हणून. लपवू नका. नेहमीच्या केमोत मांजर घराबाहेर काढा असं सहसा सांगत नाहीत, काळजी घ्या असं सांगतात.

ती काळजी म्हणजे काय? सगळ्यांत मोठी भीती असते टॉक्सोप्लाझ्माची. हा परजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडतो, पण मांजर तो आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्यांदा लागण झाल्यावर, एक ते तीन आठवडे सोडतं. आणि बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस जातो. म्हणून लिटर ट्रे रोज साफ झाला की धोका बराच कमी होतो, फक्त तो आईंनी साफ करायचा नाही. तुम्ही करा, हातमोजे घालून, आणि ट्रे स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. चिमी घराबाहेर जात नसेल आणि शिजवलेलं किंवा पॅकेटमधलं खाणं खात असेल, तर तिच्यापेक्षा न धुतलेल्या कोथिंबिरीकडे आणि अर्धवट शिजलेल्या मटणाकडे जास्त लक्ष द्या, असं मी म्हणेन. कच्ची मासळी, कच्चं चिकन तिला द्यायचं नाही.

मला जास्त काळजी नखांची आणि दातांची वाटते. मांजराच्या तोंडातले जिवाणू चावल्यावर खोल जातात, आणि पिसवांमुळे नखांत येणारे जिवाणू ओरखड्यातून शिरतात. पेशी कमी असताना एवढासा ओरखडाही चिघळतो. दर दोन-तीन आठवड्यांनी चिमीची नखं कापून आणा, पिसवांचं औषध महिन्याला एकदा घाला (मांजराचंच, कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजर दगावतं), जंताचं औषध आणि रेबीजची लस यांच्या तारखा तपासा. आईंनी तिच्याशी हातानं खेळायचं नाही, दोरीनं खेळा. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पेशी सर्वांत खाली असतात, त्या दिवसांत चिमी पायाशी, वेगळ्या चादरीवर. ती चादर दोन दिवसांनी गरम पाण्यात. चेहरा, जखम, सुई लावलेली जागा तिनं चाटता कामा नये. पोर्ट (केमोचं औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) किंवा नळी असेल तर ती जागा झाकलेली हवी, लोंबणारी नळी दिसली की मांजर पंजा मारणारच. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर मांजराचा संबंध असो-नसो, लगेच फोन. आणि या काळात गॅलरीतलं कुठलंही गोड पिल्लू घरात घेऊ नका.

आता ज्या बाजूकडे कुणाचंच लक्ष नसतं ती. आजाऱ्याची खोली मांजरासाठी बरीच धोक्याची असते. केमोनंतर निदान ४८ तास, काही औषधांत त्याहून जास्त, लघवीत आणि उलटीत औषधाचे अंश असतात. उलटीचं भांडं झाकलेलं हवं, कमोडचं झाकण बंद हवं, आणि तेवढे दिवस आईंचा घाम आलेला हात चिमीनं चाटायला नको. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. अंथरुणाशेजारी खाली पडलेली गोळी, किंवा ‘तिचंही अंग गरम लागतंय’ म्हणून प्रेमानं दिलेला पाव तुकडा, दोन्ही प्रकार मी पाहिलेत. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरम असतंच, १०२ फॅरनहाइटपर्यंत सहज. गुडघ्याला, कपाळाला लावलेले बाम, नीलगिरीचं तेल, कापूर हे चाटण्यातून पोटात जातात, त्यांनीही विषबाधा होते. बाम लावला की त्यावर कपडा हवा. आणि भेटायला येणारे फुलांचे गुच्छ आणतात, त्यात लिली असेल तर गुच्छ घरात येऊ देऊ नका. तिचे परागकण अंगावर पडून चाटले तरी दोन-तीन दिवसांत मांजराची किडनी निकामी होते.

चिमी स्वतः कशी आहे तेही बघा. दिवसभर पडून असणं हे दर वेळी प्रेमच नसतं, तीही आजारी असू शकते. ती पूर्वीएवढं खाते का? दिवसातून लिटर ट्रेमध्ये किती वेळा जाते? अंग चाटून स्वच्छ ठेवते का? चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते आणि ते झपाट्यानं खालावतं. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं कुणीतरी तिच्याशी खेळा. घरात तिच्या वेळा सांभाळल्या गेल्या की तिचा ताण कमी होतो आणि ती आईंजवळ शांत बसते.

शेतावर पाठवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाठवू नका. सहा वर्षं घरात वाढलेल्या मांजराला शेतावर कुत्री, साप, रस्ता यांतलं काही ठाऊक नसतं. ते घराच्या दिशेनं चालायला लागतं आणि बहुतेकदा सापडत नाही. डॉक्टरांनी काही आठवडे वेगळं ठेवायला सांगितलंच, तर घरातल्याच दुसऱ्या खोलीत ठेवा किंवा चिमीला ओळखणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या फ्लॅटवर, जाळी लावलेल्या खिडक्या बघून. आणि आत्यांना वर लिहिलेलं सगळं वाचून दाखवा. त्यांच्या हातात काळजीचं काही काम दिलंत, म्हणजे नखांच्या तारखा किंवा चादरी, तर त्या जास्त निश्चिंत होतील असा माझा अनुभव आहे.

चौथ्या डोसाला आईंना रात्रभर हॉस्पिटलात राहावं लागलं, तर त्या निघण्याआधी अंगावरचा जुना गाऊन काढून, न धुता, त्यांच्या उशीवर ठेवून जायला सांगा. चिमी त्यावर झोपेल. परत आल्यावर तिला उचलून आईंकडे देऊ नका. दार उघडं ठेवा. ती आधी आईंची बॅग हुंगेल, मग चपला, मग पलंगाभोवती एक फेरी. हात थोडासा खाली सोडून आईंनी पडून राहायचं. तिला जेव्हा यायचं तेव्हा ती येईल.